कर्ता कोण, ते लिहिलेले नाही

२०२२ साली राज्यभरातल्या वीजग्राहकांच्या फोनवर एक इंग्रजी संदेश फिरू लागला. मागच्या महिन्याचे बिल ‘अपडेट’ झालेले नाही, म्हणून आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा तोडला जाईल, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा. फोन केला की पलीकडचा माणूस एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगे आणि बघता बघता खाते रिकामे होई. असे संदेश आपले नाहीत, हे महावितरणला पुन्हापुन्हा जाहीर करावे लागले. संदेशाचे इंग्रजी गचाळच होते. पण त्यातले ‘विल बी डिस्कनेक्टेड’ हे तीन शब्द बिनचूक होते आणि सगळे काम त्या तिघांनीच केले. तोडणार कोण याचा पत्ता नाही, तोडले जाणार यात मात्र शंका नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीपोटी पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे ज्याला ठाऊक होते तो घाबरला नाही. ज्याला ठाऊक नव्हते, पण ‘कोण तोडणार?’ असे विचारण्याची सवय होती, तोही बहुधा फोन लावण्याआधी थबकला असेल.

ती सवय लावण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

विषय दिसायला अगदी लहान आहे. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट यांपैकी एक शब्द, त्यापुढे ‘बी’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप. शाळेत हा पॅसिव्ह व्हॉइसच्या धड्यातला एक तक्ता असतो. ‘चेंज द व्हॉइस’ या प्रश्नापुरता तो पाठ होतो, गुण पडतात, प्रकरण मिटते. पुढे तोच मुलगा घोडबंदर रोडला किंवा डोंबिवलीत घर घेतो, बँकेचा करारनामा समोर येतो, आणि व्याजदर ‘मे बी रिवाइज्ड’, हप्ता ‘शॅल बी पेड’, तारण ‘कॅन बी एनफोर्स्ड’ अशी वाक्ये पानोपानी भेटतात. तक्ता आठवतो. वाक्य आपल्याला काय करू शकते, ते तक्त्यात नव्हते.

ठाणे ते कल्याण हा वाचणाऱ्या माणसांचा पट्टा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले. पण याच घरांच्या दारांतून रोज आत येणारा कागद बऱ्याचदा इंग्रजीत असतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला, आणि कालांतराने या मार्गाच्या दोन्ही बाजूंना मुंबईच्या कचेऱ्या, बँका, विमा कंपन्या चालवणारा मोठा वर्ग राहू लागला. इथे इंग्रजी आली ती शेक्सपिअरपेक्षा टिपणी, परिपत्रक आणि नोटीस यांच्या हातात हात घालून. त्यामुळे इथल्या माणसाचा इंग्रजीतल्या कर्मणी वाक्याशी रोजचा संबंध आहे आणि त्या वाक्याचे सगळे स्वभाव त्याने पाहिलेले आहेत.

सगळ्यांत निरुपद्रवी स्वभाव रविवारचा. मेगाब्लॉक असला की माटुंगा ते मुलुंड दरम्यान डाउन जलद गाड्या धीम्या मार्गावर ‘विल बी डायव्हर्टेड’. गाड्या वळवणार रेल्वेच, हे शेंबडे पोरही सांगेल. इथे कर्ता लिहिला असता तर वाक्य उगाच लांबले असते. इंग्रजी कर्मणी वाक्यांत ‘बाय’ लावून कर्ता सांगण्याची पद्धत शाळा हटकून शिकवते. प्रत्यक्षात पाचपैकी सुमारे चार वाक्यांत तो सांगितलेलाच नसतो, असे रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या आपल्या बृहद्व्याकरणात नोंदवले आहे. म्हणजे शाळेने शिकवलेले पूर्ण रूप हाच अपवाद.

सोसायटीच्या फलकावर मामला थोडा बदलतो. ‘मेंटेनन्स मस्ट बी पेड’, ‘व्हेइकल्स शुड बी पार्क्ड’, ‘इंटरेस्ट मे बी चार्ज्ड’. तिसऱ्या वाक्यातला ‘मे’ वाचून सभासदाला वाटते, लागले तर लागेल व्याज, नाही तर नाही. पण हा ‘मे’ शक्यतेचा नाही, अधिकाराचा आहे. आदर्श उपविधींत थकबाकीवरच्या सरळ व्याजाची कमाल मर्यादा दरसाल २१ टक्के आहे आणि दर ठरवण्याचा हक्क सर्वसाधारण सभेचा. वाक्यातून गायब झालेला कर्ता म्हणजे सेक्रेटरीही नव्हे; जो सभेला न जाता टीव्हीपुढे बसला, तो सभासदच त्या कर्त्याचा एक तुकडा असतो.

बाजारात ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक’ हे वाक्य बिलाच्या तळाशी छापलेले सापडते. ते कायद्यासारखे वाजते, कारण त्यात दुकानदार नाही. ‘मी परत घेणार नाही’ असे लिहिले असते तर गिऱ्हाइकाने हुज्जत घातली असती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. छापील वाक्य तरीही दिमाखात उभे असते.

खरी गंमत मात्र कचेरीच्या फाइलीत. ‘द ड्राफ्ट मे काइंडली बी अप्रूव्ह्ड’, ‘द फाइल मे बी पुट अप’, ‘द नीडफुल मे बी डन’. लंडनच्या आजच्या संपादकाला हे इंग्रजी जुनाट वाटेल, आणि इंग्रजी सुधारण्याच्या शिबिरांत त्याची टिंगलही होते. पण ज्याने कनिष्ठ लिपिकाच्या खुर्चीवर वर्षे काढली आहेत त्याला या रचनेचे मोल कळते. साहेबाला ‘अप्रूव्ह द ड्राफ्ट’ असे लिहिता येत नाही, तो हुकूम झाला. ‘यू मे अप्रूव्ह’ तर त्याहून वाईट, जणू लिपिकच साहेबाला परवानगी देतो आहे. ‘यू शुड अप्रूव्ह’ म्हणजे शिकवणी. मग साहेबाला वाक्यातून अलगद बाजूला करायचे, मसुद्याला पुढे बसवायचे आणि ‘मे’ने विनंतीचा सूर लावायचा, एवढीच वाट उरते. खालच्या माणसाने वरच्या माणसाला काम सांगायचे, तेही सांगितले असे न दिसता, हा पेच भारतीय कचेरीने याच रचनेने सोडवला. मराठी टिपणीतले ‘मान्यता देण्यात यावी’ हे तिचेच भावंड. साहेबाचे उत्तर खाली येते तेव्हा मात्र ‘मे’ नाहीसा होतो: ‘डिस्कस’, ‘स्पीक’, ‘प्रोसेस’. एकेक शब्द, तोही आज्ञार्थी. एकाच पानावर दोन व्याकरणे, आणि कोणते कोणाचे हे सही न बघताही ओळखता येते.

कायद्यात याच रचनेला दात फुटतात. रूळ ओलांडताना पकडला गेलेला प्रवासी रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली येतो: तो ‘शॅल बी पनिशेबल’ (तिसऱ्या रूपाच्या जागी इथे विशेषण असले तरी घाट तोच), आणि कैद सहा महिन्यांपर्यंत ‘मे एक्स्टेंड’, दंड एक हजार रुपयांपर्यंत. एका वाक्यात ‘शॅल’ आणि ‘मे’ शेजारी बसले आहेत. शिक्षेस पात्र होणे ‘शॅल’ने पक्के केले, किती ते ‘मे’ने न्यायाधीशावर सोडले. पण ‘शॅल’ नेहमीच इतका पक्का असतो का? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२० मध्ये सरकारी नोकरांच्या शिस्तभंगाच्या बाबतींत लोकसेवा आयोग ‘शॅल बी कन्सल्टेड’ असे म्हटले आहे. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ही तरतूद बंधनकारक नाही. सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्दबातल होत नाही. ‘शॅल’चे वजन शब्दकोशात पाहून चालत नाही, ते वाक्य मोडले तर काय होते त्यावर ठरते. या पुस्तकाने हा निवाडा सविस्तर घेतला आहे, ते योग्यच केले.

कर्ता वगळणे म्हणजे नेहमी पळवाट, असा समज होऊ नये म्हणून घटनेतलेच दुसरे वाक्य आठवावे. अनुच्छेद २१ सांगतो की कायद्याने घालून दिलेल्या रीतीखेरीज कोणाही व्यक्तीचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही; मूळ इंग्रजीत ‘शॅल बी डिप्राइव्ड’. हिरावून घेणारा तिथे लिहिलेला नाही. पोलिसांनी, कलेक्टरने, मंत्र्याने अशी यादी दिली असती तर यादीबाहेरचा मोकळा सुटला असता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीच्या हातून गेलेल्या या वाक्यात कर्त्याची रिकामी जागा नागरिकाच्या बाजूने उभी आहे. सोसायटीच्या फलकावर जी रचना जबाबदारी झाकते, तीच इथे कोणालाही सुटू देत नाही.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटायचे कारण नाही, हा पुस्तकाचा मध्यवर्ती दावा आहे आणि तो पटण्यासारखा आहे. ‘मुलांनी पुस्तके वाचावीत’ या वाक्यात क्रियापद मुलांचे ऐकत नाही, पुस्तकांचे ऐकते. ‘येथे गाड्या लावू नयेत’ मध्येही गाड्यांचेच. म्हणजे काय करावे, काय करू नये हे सांगायला निघालेली मराठी आपसूक कर्मणीत शिरते. ‘आजीला पुलाचे जिने चढवत नाहीत’ हा शक्य कर्मणी प्रयोग. ‘कॅन नॉट बी’चा सगळा अर्थ तिथे क्रियापदाच्या पोटातच आहे. ‘पाहिजे’ हे रूप तर मुळात ‘पाहणे’चे जुने कर्मणी, ‘म्हणिजे’, ‘कीजे’ यांच्या कुळातले. संस्कृतात मागे गेले तर पाणिनीने तव्य, अनीय आणि य हे प्रत्यय नेमके याच कामाला लावलेले दिसतात: करायला हवे ते कर्तव्य, दंड करायला हवा तो दंडनीय, द्यायला हवे ते देय. महापालिकेच्या पाणीबिलावरची ‘देय रक्कम’ म्हणजे दोन अक्षरांत मावलेले ‘मस्ट बी पेड’.

मग अडते कुठे? रचनेत अडत नाही, मात्रेत अडते. मराठी ‘करावे’ हे आज्ञेपासून सल्ल्यापर्यंत सगळीकडे चालते, बाकीचे सूर आणि प्रसंग सांगतो. इंग्रजी तेच काम ‘मस्ट’, ‘शॅल’, ‘शुड’, ‘मे’ यांत वाटून टाकते. शिवाय एकाच शब्दाला दोन कामे देते. ‘बॅग मस्ट बी चेक्ड’ ही सक्ती. ‘बॅग मस्ट हॅव बीन लेफ्ट इन द ट्रेन’ हा तर्क. या दोन अर्थांची फोड एफ. आर. पामर यांच्यासारख्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारकाईने केली. ती आपल्या वर्गांपर्यंत फारशी पोचली नाही.

वर्गांत काय पोचले, याचा इतिहासही या पुस्तकाला पार्श्वभूमी म्हणून लाभला आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले, इंग्रजांनी मराठी शिकावी म्हणून. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिले तेव्हा लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण त्यांच्यापुढे होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या निबंधांत दादोबांची मते कसोशीने तपासली, आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ही सगळी चर्चा एका मोठ्या ग्रंथात उतरली. मराठीत प्रयोग किती, यावर या मंडळींचे एकमत झाले नाही. पुढेही झालेले नाही. त्या वादांत एक गोष्ट मात्र ठळक होत गेली. ‘गाडी रद्द केली जाईल’, ‘त्यांच्याकडून नोटीस काढली गेली’ ही वाक्यपद्धती शालेय व्याकरणे नवीन कर्मणी म्हणून वेगळी काढतात आणि ती इंग्रजी वळणाची असल्याचे सांगतात. आज सरकारी मराठी तिच्यावर आणि ‘करण्यात येईल’वर चालते. इंग्रजीचा कर्मणी शिकण्याआधीच तो मराठीतून आपल्या अंगवळणी पडलेला असतो, हे थोडे विनोदी आहे.

दुसऱ्या बाजूने मराठी मुलांना इंग्रजी शिकवणारा प्रवाह. तर्खडकर भाषांतर पाठमालेच्या तीन भागांनी पिढ्या घडवल्या. वाक्याला वाक्य, शब्दाला शब्द. नंतर रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले गृहस्थ, आणि ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या साहसकथेचे लेखकही. त्यांच्या पुस्तकाने कर्तरीचे कर्मणी करणे हा जवळजवळ मैदानी खेळ केला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून सुरू होई. त्या पिढीला वेळच कमी होता, त्यामुळे हॉर्नबी यांच्या वाक्यसाच्यांचा सराव घेण्याची पद्धत सोयीची ठरली. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आहे. तक्ता तोच राहिला.

तक्त्याचा दोष असा की तो दोन्ही बाजू सारख्या मानतो. नोम चॉम्स्की यांच्या १९५७ च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’नेही कर्मणी वाक्य कर्तरीतून नियमाने काढून दाखवले, पण रूप बदलताना अर्थ घसरू शकतो हे भाषाशास्त्रज्ञांनी लवकरच ध्यानात घेतले. सोसायटीचा पंप घ्या. ‘द मेकॅनिक कॅनॉट रिपेअर धिस पंप’ म्हटले तर दुसरा मेकॅनिक बोलवावा. ‘धिस पंप कॅनॉट बी रिपेअर्ड’ म्हटले तर नव्या पंपासाठी वर्गणी. पहिल्यात मेकॅनिकच्या कुवतीवर शंका आहे, दुसऱ्यात पंपाचे नशीब ठरले आहे. ‘द ऑफिस वोन्ट गिव्ह द फॉर्म’ मध्ये अडेलपणाची तक्रार ऐकू येते. ‘द फॉर्म वोन्ट बी गिव्हन’ झाले की ती तक्रार विरते आणि सूचना उरते. रूपांतर व्याकरणदृष्ट्या बरोबर, परीक्षेत पूर्ण गुण, आणि म्हणणे मात्र बदलले.

याशिवाय एक पंथ आहे तो कर्मणीचा समूळ उच्छेद मागणाऱ्यांचा. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या निबंधात कर्तरी चालत असेल तिथे कर्मणी वापरूच नये असा नियम घातला, अमेरिकेत स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या छोट्या पुस्तकाने तोच सूर धरला, आणि आता संगणकावरचे लेखनसुधारक कर्मणी दिसला की खाली रेघ ओढतात. ऑर्वेल यांनी त्याच निबंधात कर्मणीचा सढळ वापर केला आहे, हे जेफ्री पुलम यांच्यासारखे व्याकरणकार हसत हसत दाखवून देतात. साध्या भाषेची चळवळ जास्त व्यवहारी निघाली. ब्रिटनमध्ये १९७९ पासून तिने अर्ज आणि नोटिसा धुवून काढल्या; अमेरिकेतल्या संघीय न्यायालयांच्या दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांतून २००७ साली ‘शॅल’ हद्दपार झाला, कारण त्याचे इतके अर्थ झाले होते की तो बिनकामाचा ठरला. आपल्या उपविधींत आणि करारांत तो अजून ठाण मांडून आहे.

हे पुस्तक या सगळ्या पंथांकडून लागेल तेवढे घेते आणि कोणाचीच दीक्षा घेत नाही. कर्मणी टाळा असे ते सांगत नाही. कर्मणी दिसला की दोन प्रश्न विचारा, एवढेच सांगते: करणारा कोण, आणि मधला शब्द किती जोर लावतो. उदाहरणे रोजच्या कागदांतून घेतलेली आहेत, नावे आणि पत्ते गाळून. कर्जाची अट, विम्याचा नकार, शाळेचे फीपत्रक, रुग्णालयाचे संमतीपत्र. रुग्णालयाच्या संमतीपत्रावरचा भाग विशेष वाचनीय आहे, कारण तिथे ‘मे बी रिक्वायर्ड’ आणि ‘विल बी परफॉर्म्ड’ यांतला फरक सही करणाऱ्याला बहुधा घाईत वाचावा लागतो. ज्यांना स्वतः नोटिसा लिहाव्या लागतात, त्या सेक्रेटऱ्यांनी आणि मुख्याध्यापकांनी हीच उदाहरणे उलट्या दिशेने वाचावीत. अमुक तारखेपर्यंत पैसे न भरल्यास कमिटी व्याज लावील, असे कर्त्यासह लिहिले की निम्मी भांडणे कमी होतील असे नाही, पण भांडायचे कोणाशी ते तरी ठरेल.

इंग्रजी वाक्ये देवनागरीत छापण्याचा निर्णय काहींना खटकेल. पण आठवीत इंग्रजीला भिडलेल्या आणि आता साठी ओलांडलेल्या वाचकाला हेच वाक्य ऐकून जास्त ओळखीचे आहे, वाचून कमी; उद्घोषणा, फोनवरचा आवाज, बँकेतल्या मुलीचे बोलणे. त्यामुळे बोललेल्या इंग्रजीलाही जागा मिळाली आहे, विशेषतः लोकलमध्ये सर्रास ऐकू येणाऱ्या ‘ट्रेन माइट गेट कॅन्सल्ड’, ‘यू विल गेट फाइन्ड’ या ‘गेट’वाल्या प्रकाराला. काही शिक्षक याला अशुद्ध समजून वहीत काट मारतात. रॉडनी हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने मात्र त्याची गणना कर्मणीतच केली आहे, आणि प्रस्तुत पुस्तक त्यांच्या बाजूने गेले आहे. ‘बी’ आणि ‘गेट’ यांतला फरक रचनेपेक्षा सलगीचा: दंड झालेला माणूस घरी येऊन ‘गेट’ने सांगतो, पावती देणारा ‘बी’ने लिहितो.